मदत हवी आहे: ब्रूस लीच्या नावावरच्या पुस्तकांपैकी त्याचे स्वतःचे लेखन कोणते मानावे?

नमस्कार.

ब्रूस लीच्या विचारांवर मराठीत एक दीर्घ लेख लिहायला घेतला आहे. त्यासाठी कोणत्या पुस्तकांवर विसंबावे, याविषयी येथील जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. चित्रपटांविषयी भरपूर साहित्य मिळते, त्यामुळे प्रश्न केवळ पुस्तकांपुरता आहे.

अडचण अशी की, २० जुलै १९७३ रोजी वयाच्या ३२व्या वर्षी हाँगकाँगमध्ये त्याचे निधन झाले, तोपर्यंत त्याच्या नावावर एकच प्रकाशित पुस्तक होते: १९६३ सालचे ‘चायनीज गुंग फू’ (म्हणजे कुंग फू). सिएटलमधील विद्यार्थिदशेच्या काळातले हे छोटेखानी पुस्तक चिनी परंपरेची ओळख करून देते. पुढे १९६७ मध्ये युद्धकलेविषयीच्या आपल्या ज्या विचाराला त्याने ‘जीत कुन दो’ हे नाव दिले, तो त्यात नाही. विचारवंत म्हणून त्याची ओळख ज्यामुळे झाली ते ‘ताओ ऑफ जीत कुन दो’ मात्र त्याच्या मृत्यूनंतर, १९७५ मध्ये आले. पाठीच्या दुखापतीमुळे १९७० मध्ये त्याला कित्येक महिने अंथरुणावर काढावे लागले, त्या काळातील आणि इतर वेळच्या टिपणांमधून गिल्बर्ट जॉन्सन यांनी ते संपादित केले. म्हणजे जे त्याने स्वतः छापले ते त्याने नंतर मागे टाकले, आणि जे आपण त्याचे म्हणून वाचतो त्याची रचना दुसऱ्याची आहे.

त्यातही ही टिपणे बऱ्याच अंशी वाचता वाचता उतरवून घेतलेली आहेत. एडविन हॅस्लेट यांचे मुष्टियुद्धावरील, आल्दो नादी यांचे तलवारबाजीवरील, तसेच पौर्वात्य तत्त्वज्ञानाचे भाष्यकार ॲलन वॉट्स आणि तत्त्वचिंतक जे. कृष्णमूर्ती यांचे लेखन त्याने बारकाईने वाचले होते, आणि त्यांतील मजकूर पुस्तकात मूळ लेखकाच्या नावाशिवाय लीचाच म्हणून येतो. यावरून त्याच्यावर वाङ्मयचौर्याचा ठपका ठेवणे मला अन्यायाचे वाटते, कारण स्वतःच्या वहीत कोणी संदर्भसूची जोडत नाही; जबाबदारी असेल तर ती छापणाऱ्यांची. परंतु लेखात एखादे वाक्य ‘ब्रूस ली म्हणतो’ असे लिहून उद्धृत करावे आणि ते कृष्णमूर्तींचे निघावे, हे कृष्णमूर्तींना मराठीतून वाचणाऱ्या वाचकांसमोर तरी परवडणारे नाही.

म्हणून पहिला आणि मुख्य प्रश्न असा: ‘ताओ’मधील उताऱ्यांचे मूळ स्रोत परिच्छेदवार दाखवणारा एखादा अभ्यासग्रंथ किंवा सटीप आवृत्ती कोणी वाचली आहे काय? २०११ च्या विस्तारित आवृत्तीत अशा टिपा असतील तर ती विकत घेण्याची तयारी आहे. तूर्त मी १९७१ मध्ये ‘ब्लॅक बेल्ट’ मासिकात आलेला, पारंपरिक कराटेच्या साचेबंदपणावर टीका करणारा त्याचा लेख सर्वांत भरवशाचा मानून चाललो आहे, कारण तो त्याच्या हयातीत त्याच्या नावाने छापला गेला. जॉन लिटल यांनी संपादित केलेल्या लीच्या लेखनाच्या मालिकेतील पत्रसंग्रहही त्याच पंक्तीत बसावा असे वाटते. पत्रांत माणूस सहसा उतारे डकवत नाही.

दुसरा प्रश्न चरित्रांचा. पत्नी लिंडा यांची पुस्तके जवळच्या माणसाने लिहिलेली असल्याने मोलाची आहेत, पण त्याच कारणाने पुरेशी नाहीत. ब्रूस थॉमस यांचे १९९४ चे आणि मॅथ्यू पॉली यांचे २०१८ चे, अशा दोन चरित्रांपैकी एकच घेणे शक्य असल्यास कोणते घ्यावे? पॉली यांनी मृत्यूचे कारण उष्माघात असावे असा तर्क मांडला आहे, तो वाचायचा आहेच. परंतु मला अधिक रस १९७१ च्या भारतभेटीत आहे. वॉर्नर ब्रदर्स या चित्रपट कंपनीचा भारतात अडकून पडलेला, बाहेर नेता न येणारा पैसा इथेच खर्च व्हावा म्हणून ‘द सायलेंट फ्लूट’ या नियोजित चित्रपटासाठी तो अभिनेते जेम्स कोबर्न आणि पटकथाकार स्टर्लिंग सिलिफंट यांच्यासह चित्रीकरणाच्या जागा पाहायला आला होता. या दौऱ्याची हकिकत कोणत्या चरित्रात विस्ताराने आहे?

सुविचारांचे संग्रह आणि व्यायामाची पुस्तके कृपया सुचवू नयेत. कन्या शॅनन ली यांचे २०२० चे पुस्तकही सध्या बाजूला ठेवले आहे, कारण त्यात वडिलांच्या विचारांचे त्यांनी लावलेले अर्थ अधिक आहेत. उत्तरात आवृत्तीचे वर्ष आणि शक्य तेथे पृष्ठक्रमांक दिल्यास उपकृत होईन. पुण्यामुंबईतील एखाद्या ग्रंथालयात यांपैकी काही पाहायला मिळत असेल तर तेही जरूर कळवावे.