कसाव्याचे अचेके आणि तळलेला मासा: बडोद्यात जमेल का?

रावपुऱ्याचा खवय्या:
नोकरीच्या निमित्ताने मी दोन वर्षे आयव्हरी कोस्टमधील आबिजान शहरात राहिलो. तेथे दुपारी 'गार्बा' फार खाल्ला जातो: कसावा नावाच्या कंदाचा आंबवून वाफवलेला सुटा रवा, म्हणजे 'अचेके', त्यावर तळलेल्या ट्यूनाचे तुकडे, चिरलेला कांदा, टोमॅटो, हिरवी मिरची, आणि वरून मासा तळला त्याच तेलाची एक पळी. साबुदाणाही कसाव्याचाच, म्हणून तो भिजवून मोदकपात्रात वाफवून पाहिला. जो चिकट गोळा निघाला, तो घरचे मला अजून विसरू देत नाहीत. येथे अचेके कसे करावे?

सुलभाताई:
साबुदाण्याने हे कधीच होणार नाही. कंदाचा किस धुतल्यावर पाण्याच्या तळाशी जे सत्त्व बसते, त्याचाच साबुदाणा होतो; चोथा त्यात राहत नाही, आणि अचेके तर चोथ्यासकट किसाचेच होते. केरळी सामानाच्या दुकानात गोठवलेला कप्पा, म्हणजे कसाव्याचाच कंद, मिळाल्यास एक किलो आणावा. तो उकडलेला नसावा, एवढे विचारून घ्यावे. त्यातले दोन तुकडे उकडून, फडक्यात बांधून दोन-तीन दिवस उबेला ठेवावेत. हेच विरजण. उरलेला कंद मधला दोरा काढून अगदी बारीक किसावा, त्यात विरजण कुस्करून थोडे तेल घालावे आणि रात्रभर झाकून ठेवावे. सकाळी फडक्यात बांधून, वर पाटा ठेवून पाणी पूर्ण निघेपर्यंत दाबावे; मग हाताने मोकळे करून, चाळणीतून रव्यासारखे कण पाडून, थोडा वेळ उन्हात पसरून वाफवावे. दाबण्यात घाई केली की पुन्हा गोळाच होतो.

कारेलीबागकर:
एवढा खटाटोप कशाला? ताज्या किसात दोन चमचे दही घालून तासाभराने वाफवले तरी आंबटपणा येतोच.

सुलभाताई:
आंबटपणा येईल, पण प्रश्न केवळ चवीचा नाही. कसाव्यात लिनामरिन नावाचे द्रव्य असते आणि त्यापासून सायनाइड सुटते. कडू जातींत ते अधिक, गोड जातींत कमी. किसल्यामुळे कंदातलेच विकर (एन्झाइम) त्याचे विघटन करते, त्यानंतर बराचसा विषारी भाग दाबलेल्या पाण्याबरोबर आणि वाफेबरोबर निघून जातो, आणि या क्रियेला वेळ द्यावा लागतो. ते पाणी कणकेत घालून 'वाया जाऊ न देण्याचा' मोह मुळीच नको. हे कसब तेथील खाडीकाठच्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले आहे. २०२४ मध्ये युनेस्कोने त्याची अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली, ती उगाच नव्हे.

दांडियाबाजारची सून:
आम्ही सीकेपी, तेव्हा माशाविषयी दोन शब्द. ट्यूना म्हणजे आपला कुपा. तो बडोद्यास येतो तेव्हा प्रवास करून आलेला असतो, म्हणून डोळे निस्तेज किंवा कल्ले काळपट दिसल्यास घेऊ नये. नीट थंड न ठेवलेल्या कुप्यात हिस्टामिन नावाचे बाधणारे द्रव्य वाढते आणि ते तळल्याने जात नाही. चांगला न मिळाल्यास सुरमई चालेल. मोठे चौकोनी तुकडे मीठ लावून अर्धा तास ठेवावेत, कोरडे पुसून मैद्यात हलकेच घोळवावेत आणि भरपूर तेलात तळावेत. आपली हळद, तिखट, आगळ येथे आणू नये. ती चव छान लागेल, पण तो गार्बा नव्हे. मिरची मात्र कच्ची, भरपूर आणि शेवटी.

रावपुऱ्याचा खवय्या:
दोघींचा आभारी आहे. विरजण गुरुवारी बांधले, कुपा रविवारी सकाळी येईल. मोदकपात्र मात्र मिळणार नाही. गणपतीचे भांडे माशाच्या जेवणाच्या आसपासही यायला नको, असे घरातून स्पष्ट बजावण्यात आले आहे, त्यामुळे इडलीपात्रात फडके घालून वाफवीन.