राज्य स्पर्धेतली वेळ ऑलिंपिकला का धरत नाहीत? एसएफआयचा अधिकार नेमका किती?

तळकाठ:
जिल्हा किंवा राज्य स्पर्धेत कुणी पात्रतेच्या जवळपास पोहोचलं की व्हॉट्सॲपवर 'ऑलिंपिकचं तिकीट' फिरायला लागतं. मागाहून कळतं, ती वेळ धरलीच जात नाही. भारतीय जलतरण महासंघाच्या (एसएफआय) हातात यातलं काय असतं? आणि 'ए' वेळ (थेट पात्र करणारी वेळ) नसतानाही काही जण जातात ते कसे?

लेन_चार:
पात्रतेच्या वेळा एसएफआय ठरवत नाही. त्या जागतिक संघटनेच्या. १९०८ मध्ये लंडनला आठ देशांनी मिळून स्थापन केलेली फिना, आता वर्ल्ड ॲक्वाटिक्स. एसएफआय तिची भारतातली सदस्य, म्हणून स्पर्धेला मान्यता घेणं आणि निकाल पाठवणं तिच्याकडे. मान्यता आधी घेतलेली नसेल, तर वेळ कितीही चांगली असो, कागदावर शून्य.

पात्रतेला ५० मीटरचाच तलाव लागतो. २५ मीटरमध्ये टर्न जास्त, भिंतीला पाय मारून मिळणारा वेग जास्त, म्हणून वेळ कमी येते. स्टॉपवॉचचा घोळ वेगळाच. सुरुवातीच्या इशाऱ्यावर पंचाचा अंगठा उशिरा पडतो, पण शेवटचा स्पर्श तो येताना बघत असतो, तिथे तेवढा उशीर होत नाही. म्हणून हाताने घेतलेली वेळ बहुधा खऱ्यापेक्षा चांगली दिसते.

आणखी एक गोष्ट बांधकामवाले हमखास विसरतात. टचपॅड, म्हणजे स्पर्श होताच वेळ नोंदवणारी भिंतीवरची पाटी, १ सेंटिमीटर जाड असतं. भिंत ते भिंत नेमका ५० मीटर तलाव बांधला आणि दोन्ही टोकांना पॅड लावली, की उरले ४९.९८. नियमात किंचित जास्त चालतं, कमी अजिबात नाही.

बॅकस्ट्रोकचा_झेंडा:
मान्यतेचं महत्त्व बघायचं तर रोम, जून २०२१. साजन प्रकाशने सेत्ते कोली स्पर्धेत २०० मीटर बटरफ्लाय १:५६.३८ मध्ये मारली. 'ए' वेळ होती १:५६.४८, म्हणजे फक्त दहा शतांश सेकंद राखून. थेट 'ए' वेळ गाठणारा तो पहिला भारतीय. श्रीहरी नटराजने त्याच स्पर्धेत १०० मीटर बॅकस्ट्रोकला ५३.७७ दिली (हवी होती ५३.८५), पण ती टाइम ट्रायलमध्ये (शर्यतीबाहेर, फक्त वेळ नोंदवायला पोहतात ती), तीही पात्रतेची मुदत संपत असताना. मग एसएफआयने ती फिनाकडे पाठवली, फिनाने मान्य केली, तेव्हा कुठे श्रीहरीचं नाव पक्कं झालं. पोहणाऱ्याचं काम ५४ सेकंदांत संपलं होतं, उरलेलं संघटनेचं.

तळकाठ:
आणि 'ए' नसलेले?

लेन_चार:
युनिव्हर्सॅलिटी. ज्या देशाचा कुणीच वेळेवर पात्र नाही, त्याला एक पुरुष आणि एक स्त्री पाठवता येते. पॅरिसला श्रीहरी आणि धिनिधी देसिंघू असेच गेले. निवड गुणांवर होते: मूळ वेळेला (ही विश्वविक्रमावरून ठरते) आपल्या वेळेने भागायचं, येईल त्याचा घन करायचा, १००० ने गुणायचं. पुरुषांच्या १०० मीटर फ्रीस्टाइलला मूळ वेळ ४६.४० धरली तर ५० सेकंदांना ७९९ गुण, ४९ ला ८४९. एका सेकंदाचे ५० गुण! म्हणून वेगवेगळ्या प्रकारांतले खेळाडूही एका यादीत बसतात. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतला सहभागही लागतो, तो चुकला तर गुण असून उपयोग नाही. ऑलिंपिकची अंतिम प्रवेशिका मात्र भारतीय ऑलिंपिक संघटना भरते.

बॅकस्ट्रोकचा_झेंडा:
एक भर. मुरलीकांत पेटकरांचं १९७२ चं हायडेलबर्गचं पॅरालिंपिक सुवर्ण लोक सर्रास एसएफआयच्या खात्यात टाकतात. पॅरा जलतरण भारतात पॅरालिंपिक समितीकडे आहे. एसएफआयच्या बाजूची आशियाई खेळांतली काही पदकं सांगायची तर १९५१ चं सचिन नाग यांचं १०० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण, १९८६ ला सोलमध्ये खजान सिंग यांचं २०० मीटर बटरफ्लायचं रौप्य, आणि २०१० ला ग्वांगझूत आपल्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडेचं ५० मीटर बटरफ्लायचं कांस्य. यांतल्या नंतरच्या दोन पदकांमध्ये २४ वर्षं गेली. प्रवेशिका वेळेत भरणं एवढंच संघटनेचं काम असतं, तर या २४ वर्षांचा जाब विचारायचं कारण नव्हतं.