डेव्हर्सला सोडण्यात बॉस्टनचे चुकले का?

प्रश्न (कोथरूड): 15 जून 2025 च्या रात्री बेसबॉलच्या सामन्यात बॉस्टन रेड सॉक्सच्या राफाएल डेव्हर्सने यांकीज संघाविरुद्ध मारलेला होमरन (मैदानाबाहेर टोलवलेला फटका) जागून पाहिला आणि सकाळी चहा गाळताना बॉस्टनने त्याला सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या संघाला देऊन टाकल्याची बातमी वाचली. आपणांस हा निर्णय पटतो का?

उत्तर (औंध): पटतो. तिसऱ्या बेसवर खेळणारा ब्रेगमन संघात आल्यावर ती जागा सोडायला डेव्हर्स नाखूश होता, पहिल्या बेसवरचा कसास जायबंदी झाल्यावर पहिला बेस सांभाळायलाही त्याने नकार दिला. मग 10 वर्षांच्या, 31.35 कोटी डॉलरच्या कराराचा उरलेला भार संघाने का वाहावा?

उत्तर (सदाशिव पेठ): मुळीच पटत नाही. 2020 मध्ये संघातल्या मूकी बेट्सला डॉजर्स संघाकडे पाठवून केलेली जखम भरते न भरते तोच पुन्हा उघडली.

प्रश्नकर्ता: बदल्यात मिळालेला हॅरिसन हा डावखुरा पिचर (चेंडू टाकणारा) गुणी आहे, पण डेव्हर्सच्या बॅटची उणीव त्याने भरून निघणार नाही.