बेल-व्ह्यू कुणी मारली?

कालवाकाठी
'1991 मध्ये इंटरब्रूने बेल-व्ह्यू विकत घेतली आणि लँबिकचा गळा घोटला.' कालच्या धाग्यातलं हे वाक्य वाचून डोकं फिरलं. बेल-व्ह्यू म्हणजे ब्रसेल्सची बिअर-भट्टी, इंटरब्रू म्हणजे बेल्जियमची बडी बिअर कंपनी आणि लँबिक म्हणजे हवेतल्या यीस्टने आपोआप आंबणारी तिथली बिअर. एक, दोन आणि तीन वर्षं मुरलेली लँबिक मिसळून बाटलीत पुन्हा फसफसू द्यायची, तेव्हा ग्योझ होते. ती गाळून, गोड करून खपवायचा धंदा बेल-व्ह्यूच्या मालक व्हांडन स्टॉक घराण्याने स्वतः वाढवला. 1975 मध्ये स्खेपदाल गावची दे नेव्ह ही लँबिक भट्टी गिळली ती यांनीच. इंटरब्रूने फक्त तेरावं घातलं.

चेरीवाला
गोड केली म्हणून खपली तरी! बाकीचे लँबिकवाले तेव्हा एकेक करून कुलूप लावत होते. सोवळं पाळणाऱ्या ब्रसेल्सच्या कँतियों भट्टीलाही 1978 मध्ये म्युझियम काढावं लागलं.

डावा_विंगर
घराण्याचं कौतुक पुरे. मालक कॉन्स्टंट व्हांडन स्टॉक म्हणजे अँडरलेख्ट फुटबॉल क्लबचे तेव्हाचे अध्यक्ष. 1984, युएफा कप सेमीफायनल. नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या मैदानावर 0-2 मार खाल्ला, घरी 3-0. पंचाला 10 लाख फ्रँक दिले होते, 1997 मध्ये मुलानेच कबूल केलं!

चेरीवाला
ह्याचा बिअरशी संबंध?

डावा_विंगर
पैसा कुठून आला मग? आणि फॉरेस्टचा शेवटचा गोल का नाकारला, ते सांगा आधी.

चेरीवाला
पैसा बिअरचाच होता, याचा पुरावा? उगाच काड्या घालू नका.

अनुताई
भांडा तुम्ही. मी लूव्हेनला शिकत असताना पहिली बिअर प्यायले ती बेल-व्ह्यूची चेरीवाली क्रीक. पुढे नवऱ्याला घेऊन कँतियोंत गेले. माळ्यावर तांब्याची ही एवढी उथळ परात, रात्रभर हवा खात पडलेला रस, वर कोळिष्टकं. ती मुद्दाम काढत नाहीत. पहिल्या घोटाला नवरा म्हणाला, "अगं, नासलंय हे." मी दुसरा ग्लास मागितला. क्रीक आधी चाखली नसती तर मीही तेच म्हटलं असतं. ब्रसेल्समधल्या मोलेनबेकच्या बेल-व्ह्यूच्या इमारतीत आता हॉटेल आहे, तिथेच उतरलो होतो. धुराडं बघून वाईट वाटलं.

कालवाकाठी
बरं ताई, मान्य. बेल-व्ह्यू म्हणजे लँबिकची बालवाडी. पण बालवाडीने गावातल्या शाळा विकत घेऊन बंद करायच्या नसतात.

चेरीवाला
न गोडावलेली 'सेलेक्सियों लँबिक'ही त्यांनीच काढली होती. ती सोयीने विसरलात.

कालवाकाठी
चांगली होती. म्हणूनच टिकली नाही.

डावा_विंगर
त्या मॅचमध्ये अँडरलेख्टला दिलेल्या पेनल्टीवर कुणी बोलणारच नाहीये का?