स्लॅग सिमेंटमधील क्लोराईड: टायट्रेशन आणि एक्सआरएफच्या आकड्यांतील तफावत

प्रश्न:
नमस्कार. स्लॅग सिमेंटच्या (लोहभट्टीची मळी मिसळलेल्या सिमेंटच्या) एकाच नमुन्यात व्होल्हार्ड पद्धतीने (सिल्व्हरच्या टायट्रेशनने) ०.०८ टक्के क्लोराईड आले, तर एक्सआरएफवर (क्ष-किरणांनी मूलद्रव्ये मोजणाऱ्या यंत्रावर), नमुना वितळवून केलेल्या काचेसारख्या मण्यात, जेमतेम ०.०१ टक्के. आम्ही ५ ग्रॅम नमुना विरल नायट्रिक आम्लात विरघळवतो, सिल्व्हर नायट्रेट घालतो, गाळतो आणि उरलेले सिल्व्हर अमोनियम थायोसायनेटने मोजतो. अवक्षेप काळपट दिसतो. अहवालात कोणता आकडा द्यावा? त्याला ‘एकूण हॅलोजन’ म्हणता येईल का?

उत्तर १:
माझ्या मते यांपैकी एकही आकडा अहवालात जाऊ नये. स्लॅगमध्ये सल्फाइड असते आणि ते सिल्व्हरशी संयोग पावून काळा सिल्व्हर सल्फाइड बनवते; जेवढे सिल्व्हर त्यात अडकते तेवढे आपण क्लोराईडच्या नावावर मांडतो. सिल्व्हर क्लोराईडही उजेडात काळवंडते, त्यामुळे केवळ रंगावरून निष्कर्ष काढू नका. सिल्व्हर नायट्रेट घालण्याआधी हायड्रोजन पेरॉक्साइड घालून द्रावण उकळा आणि आकडा किती उतरतो ते पाहा. मण्याचे म्हणाल, तर वितळवण्याच्या सुमारे १००० अंश तापमानाला क्लोरीन बऱ्याच अंशी उडून जाते. एक्सआरएफसाठी दाबून केलेली वडी घ्यावी.

उत्तर २:
वरील मुद्द्याशी सहमत आहे, पण ब्लँक चाचणीचा (नमुना न घालता केलेल्या त्याच चाचणीचा) उल्लेख राहिला. ०.१ नॉर्मल सिल्व्हर नायट्रेटचा १ मिलिलिटर म्हणजे ३.५४५ मिलिग्रॅम क्लोराईड. म्हणून ५ ग्रॅम नमुन्यात ०.१ टक्के क्लोराईड असले तरी खर्च अवघा १.४ मिलिलिटर होतो. इतक्या थोड्या फरकावर निकाल ठरत असताना आम्लातले आणि पाण्यातले क्लोराईड प्रत्येक वेळी वजा झालेच पाहिजे. शक्य असल्यास सिल्व्हर इलेक्ट्रोडने पोटेन्शिओमेट्रिक टायट्रेशन (रंगाऐवजी विद्युतदाबावरून अंतिम बिंदू ठरवणारे) करावे, कारण फिकट तांबूस छटेचा अंतिम बिंदू दोन माणसे दोन ठिकाणी धरतात. गाळणे मात्र सोडू नका: सिल्व्हर क्लोराईड द्रावणात राहिले तर ते थायोसायनेट खाते आणि उत्तर कमी येते.

उत्तर ३:
‘एकूण हॅलोजन’ असे लिहू नये. या पद्धतीत ब्रोमाइड आणि आयोडाइड असल्यास तेही मोजले जातात, पण सिल्व्हर फ्लोराईड पाण्यात विरघळत असल्याने फ्लोराईड पूर्णपणे निसटते. म्हणूनच युरोपीय मानक ईएन १९६-२ मध्ये हा निकाल फ्लोराईड वगळून उरलेल्या हॅलाइडांचा, क्लोराईडच्या रूपात मांडलेला, मानला जातो. भट्टीत क्लिंकर (दळण्याआधीचे सिमेंटचे खडे) लवकर बनावा म्हणून फ्लोरस्पार (कॅल्शियम फ्लोराईडचे खनिज) वापरला असेल, तर फ्लोराईड आयन-निवडक इलेक्ट्रोडने स्वतंत्र मोजावे लागेल. त्या वेळी द्रावणाचा सामू आणि आयनतीव्रता (आयनांचे एकूण प्रमाण) स्थिर ठेवणारे आणि धातूंना पकडून फ्लोराईड मोकळे करणारे बफर घाला, कारण ॲल्युमिनियम आणि लोह फ्लोराईडला बांधून ठेवतात.