मदत हवी आहे: माउंटन बाइकसाठी घरी बनवलेल्या कॅमेरा माउंटची थरथर कशी थांबवावी?

नमस्कार मंडळी,

नागपूरच्या पश्चिमेला काटोल रस्त्याने फेटरीकडे आणि हिंगण्यापलीकडे झिलपी तलावाच्या बाजूला मुरमाच्या आणि दगडगोट्यांच्या ज्या वाटा आहेत, त्यांवर मी माउंटन बाइक चालवतो आणि त्या फेऱ्यांचे अ‍ॅक्शन कॅमेऱ्याने चित्रण करतो. कॅमेरा सायकलवर बसवण्याचे माउंट विकत न घेता घरीच बनवायचे, असा माझा हट्ट आहे. त्यामागे पैसे वाचवण्याचा हेतू थोडा आहे, पण हाताने काही घडवण्याची हौस त्याहून जास्त आहे. मात्र हे काम आता एका जागी अडले आहे, आणि ज्यांनी स्वतः बनवलेले माउंट खडकाळ उतारावर वापरून पाहिले आहे त्यांचे मार्गदर्शन हवे आहे.

माझी सायकल हार्डटेल आहे, म्हणजे पुढे १०० मिलीमीटरचे सस्पेन्शन आणि मागे काहीच नाही. हँडलबार अ‍ॅल्युमिनियमचा असून स्टेमजवळ, म्हणजे हँडलबारला मधोमध धरणाऱ्या जोडाजवळ, त्याचा व्यास ३१.८ मिलीमीटर आणि मुठींकडे २२.२ मिलीमीटर आहे. कॅमेरा साधारण दीडशे ग्रॅमचा आहे. त्याच्या खाली दोन कान, माउंटवर तीन कान आणि त्यांतून आरपार जाणारा ५ मिलीमीटरचा बोल्ट, ही गोप्रोने रूढ केलेली आणि पुढे बहुतेकांनी उचललेली रचनाच त्यातही आहे.

सध्याचे माउंट असे आहे. इतवारीतील लोहाओळीतून आणलेली एक होज क्लिप हँडलबारवर आवळली आहे आणि तिच्यात ३ मिलीमीटर जाडीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी काटकोनात वाकवून अडकवली आहे. ब्रेकच्या आणि गिअरच्या केबली चित्राच्या चौकटीत येऊ नयेत म्हणून ही पट्टी सुमारे ९ सेंटीमीटर पुढे काढली आहे, आणि तिच्या टोकाशी कॅमेरा बसतो. भोके पाडून घ्यायला गेलो तेव्हा लेथवाल्या काकांनी पट्टी उलटसुलट करून पाहिली आणि “भाऊ, एवढ्याशा डब्यासाठी एवढी लांब दांडी कायले पाहिजे?” असे विचारले. तेव्हा मी हसून वेळ मारून नेली, परंतु त्यांच्या प्रश्नात तथ्य असावे असे आता वाटू लागले आहे.

डांबरी रस्त्यावर चित्रण अगदी स्वच्छ येते. सुट्या मुरमावर चाक गेले, की संपूर्ण दृश्य पाण्यातील प्रतिबिंबासारखे लहरू लागते. विजेचे खांब मध्येच वाकतात आणि पुढच्या टायरची कड नागमोडी दिसते. कॅमेऱ्यातील स्थिरीकरण चालू केले तर क्षितिज जागेवर राहते, पण ही लहर जात नाही. संध्याकाळी सागाच्या झाडीत शिरल्यावर तर स्थिर दिसणाऱ्या चौकटीतही सारे पुसट होते. याशिवाय एखाद्या पायरीसारख्या खडकावरून सायकल खाली उतरवली, की कानांचा सांधा घसरतो, कॅमेरा मान टाकतो आणि पुढचा सगळा वेळ फक्त चाकाचेच चित्रण होते.

कंपने शोषली जावीत म्हणून क्लिपखाली जुन्या ट्यूबच्या रबराचे दोन थर घातले. त्याने थरथर कमी होण्याऐवजी वाढली, आणि ती का वाढली हे मला उमगलेले नाही. एका मित्राने त्रिमितीय छपाईवर संपूर्ण माउंट छापून देण्याची तयारी दाखवली आहे. परंतु त्याच्याकडील पीएलए प्लास्टिक साधारण ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते आणि आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४५ ओलांडतो, त्यामुळे उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत त्या माउंटचे काय होईल हे वेगळे सांगायला नको. तेव्हा पट्टीची लांबी, जाडी आणि धातू यांपैकी नेमके काय बदलावे, रबर ठेवावे की काढून टाकावे, आणि सांधा घसरू नये म्हणून काय करावे, हे कोणी कारणांसह समजावून सांगितले तर फार उपकार होतील.

प्रतिसाद

यंत्रांच्या कंपनांशी माझा रोजचा संबंध येतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

अ‍ॅक्शन कॅमेऱ्याचा सेन्सर संपूर्ण चित्र एकाच क्षणी टिपत नाही, तर वरून खाली एकेक ओळ वाचत जातो. ओळी वाचून होईपर्यंत कॅमेरा हललेला असेल तर वरच्या आणि खालच्या ओळी एकमेकींशी जुळत नाहीत आणि सरळ खांब वाकडा दिसतो. स्थिरीकरण मुख्यतः चौकट सरकवून आणि कडा कापून सावकाश होणारी हालचाल झाकते. चित्रणाच्या एका चौकटीच्या (फ्रेमच्या) आत घडून गेलेली जलद थरथर त्याच्या आवाक्याबाहेर राहते. झाडीतील पुसटपणाचे कारणही हेच आहे. उजेड कमी झाला की कॅमेरा शटर जास्त वेळ उघडे ठेवतो आणि तेवढ्या वेळातील थरथर त्या चौकटीत कायमची उमटते. शटरचा वेग हाताने वाढवून ठेवला तर पुसटपणा कमी होईल, पण लहर जाणार नाही. तिचा उगम माउंटमध्ये आहे, म्हणून इलाजही माउंटवरच करायला हवा.

एका टोकाला आवळलेल्या पट्टीचा ताठरपणा तिच्या लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात आणि जाडीच्या घनाच्या सम प्रमाणात बदलतो. याचा अर्थ, ९ सेंटीमीटरची पट्टी साडेचार सेंटीमीटर केली तर ती आठपट ताठ होते, आणि त्याच वेळी ३ ऐवजी ६ मिलीमीटर जाड घेतली तर चौसष्टपट. कंपनांची नैसर्गिक वारंवारता (धक्का लागल्यावर वस्तू स्वतःहून सेकंदाला जितक्या वेळा थरथरते तो आकडा, हर्ट्‌झमध्ये) ताठरपणाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते, म्हणजे हे दोन्ही बदल मिळून ती आठपट वर जाते आणि मुरमावर टायर जे धक्के देतो त्यांच्या टप्प्यातून बहुतांशी बाहेर पडते. धातू कोणता, हा प्रश्न त्यामानाने गौण आहे. लेथवाल्या काकांनी एका वाक्यात जे विचारले त्याचेच हे गणित आहे.

आता रबराविषयी. रबराचा थर त्याच्या स्वतःच्या नैसर्गिक वारंवारतेच्या सुमारे १.४ पटीच्या वरचीच कंपने अडवतो. त्याखालची कंपने तो अडवत तर नाहीच, उलट नैसर्गिक वारंवारतेच्या जवळची वाढवतो. ढोबळ हिशेब असा, की वजनाने रबर १ मिलीमीटर दबले तर ही वारंवारता १६ हर्ट्‌झच्या आसपास येते आणि ०.१ मिलीमीटरच दबले तर ५० हर्ट्‌झच्या. दीडशे ग्रॅमच्या कॅमेऱ्याने ट्यूबचे रबर दबते तरी किती? त्यामुळे तुमचे रबर गादीचे काम करत नाही, फक्त आवळलेला सांधा सैल करते. हँडलबारला ओरखडे पडू नयेत म्हणून ट्यूबचा एकच पातळ थर ताणून गुंडाळा. त्याहून जास्त काही नको. मोठे धक्के घेण्याचे काम सस्पेन्शन करतेच आहे.

होज क्लिप मात्र काढून टाका. ती पाइपवर रबरी नळी आवळण्यासाठी असते. वाकवणारा जोर तिच्या अरुंद पट्ट्याला पेलत नाही, आणि तिची कड अ‍ॅल्युमिनियमच्या बारवर वळ उठवते. बारवर पडलेला वळ ही मामुली गोष्ट नाही, कारण तडा तिथूनच सुरू होऊ शकतो. त्याऐवजी १२ ते १५ मिलीमीटर जाडीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्याला लेथवर ३१.८ चे भोक पाडून घ्या, तो मधोमध कापा, भोकाच्या कडा कानशीने गोल करा आणि दोन्ही अर्धुके ५ मिलीमीटरच्या दोन अ‍ॅलन बोल्टांनी स्टेमच्या अगदी शेजारी आवळा. तीन कान त्याच ठोकळ्याच्या पुढच्या अंगात कापून घेता आले तर सर्वांत उत्तम, कारण मग मधली पट्टीच उरत नाही. डेलरिन या कठीण प्लास्टिकचा ठोकळाही चालेल. तो लेथवर सुरेख कापला जातो आणि उन्हात मऊ पडत नाही. एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा: स्टेमचे स्वतःचे बोल्ट काढून त्यांच्या जागी हार्डवेअरच्या दुकानातील लांब बोल्ट घालून त्यांवर माउंट लटकवू नका. हँडलबार ज्या बोल्टांनी धरला आहे, त्यांच्यावर प्रयोग करायचे नसतात.

सांधा घसरतो तो मुख्यतः कानांमधल्या फटीमुळे. कॅमेऱ्याचे कान आणि तुमचे कान यांच्यात कागदाएवढी जरी मोकळीक असली, तरी बोल्ट कितीही आवळला तरी पकड येत नाही. फटीत पातळ पितळी पत्र्याच्या चकत्या घाला, बोल्टखाली रुंद वॉशर घ्या आणि साध्या नटाऐवजी नायलॉक नट लावा, म्हणजे तो थरथरीने सैल होणार नाही. सगळे बसवून झाल्यावर कॅमेरा चालू ठेवून माउंटवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोका. चित्र एकदाच दचकून थांबले तर काम झाले. थोडा वेळ डोलत राहिले तर कुठेतरी अजून सैल आहे.

धागाकर्त्याचे उत्तर

इतके सविस्तर कारण कळल्याने फार हायसे वाटले. आपण सांगितल्याप्रमाणे हिंगणा रस्त्यावरच्या एका लहान वर्कशॉपमधून ठोकळा करून घेतला आणि कान त्याच ठोकळ्यात कापले. फेटरीच्या त्याच वाटेवर पुन्हा चित्रण केले असता खांब सरळ उभे राहिले. मोठ्या दगडांच्या पट्ट्यात अजून किंचित लहर येते, पण तेवढ्याने पाहणाऱ्याचे डोके दुखणार नाही.

मात्र ज्या भीतीने पट्टी लांब केली होती ती खरी ठरली: केबली चौकटीच्या मधोमध येतात. तेव्हा ठोकळा फिरवून कॅमेरा हँडलबारच्या खाली उलटा टांगला. चित्र सरळ करण्याची सोय कॅमेऱ्यातच असल्याने तो प्रश्न आला नाही, आणि खालून घेतल्यामुळे पुढचे चाक व मुरूम जवळून दिसतो, वेगही जास्त वाटतो. हे चित्रण मला वरच्यापेक्षा अधिक भावले. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून केबली कॅमेऱ्यावर ताणल्या जात नाहीत ना, आणि सस्पेन्शन पूर्ण दाबले असता टायर कॅमेऱ्यापर्यंत पोहोचत नाही ना, हे पाहून घेतले आहे. आणखी काही पाहायला हवे का?

प्रतिसाद

सुरक्षादोरी राहिली. माउंट तुटलेच तर कॅमेरा हरवू नये म्हणून दोरी हवीच, परंतु ती इतकी आखूड ठेवा, की लोंबकळणारा कॅमेरा पुढच्या चाकाच्या आऱ्यांपर्यंत कोणत्याही परिस्थितीत पोहोचणार नाही. लांब दोरीला बांधलेला कॅमेरा उतारावर आऱ्यांत अडकला, तर चाक जागीच जाम होते आणि स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. त्यापेक्षा कॅमेरा हरवलेला परवडला.

मोठ्या दगडांच्या पट्ट्यासाठी माझा सल्ला असा, की तेवढा भाग छातीवर कॅमेरा लावून घ्या. हात, कोपरे आणि गुडघे मिळून जे सस्पेन्शन होते त्याच्या जवळपास जाणारे माउंट घरी बनवणे कठीण आहे. शाळेच्या जुन्या दप्तराचे पट्टे आणि बकले, आणि मधोमध स्वयंपाकघरातील प्लास्टिकच्या चॉपिंग बोर्डचा तळहाताएवढा तुकडा, यांवर माझे काम भागते. तुकड्याचे कोपरे गोल करा आणि मागे जाड फोम लावा, कारण पडलो तर तो थेट छातीच्या हाडावर येतो. बोल्टाचे डोकेही आतल्या बाजूने बाहेर आलेले नसावे. सायकलवर आपण पुढे वाकलेले असतो, म्हणून घरात उभे राहून कोन लावाल तर चित्रणात फक्त स्टेम दिसेल. सायकलवर बसून, उतारावर असतो तसे वाकून, कॅमेरा वर उचलून लावा.

हेल्मेटला भोके पाडून माउंट बोल्टने बसवण्याची कल्पना कोणाच्या मनात असेल तर ती सोडून द्यावी. हेल्मेटवर जे काही लावायचे ते आपटल्यावर सुटून पडणारे असावे, म्हणजे मान पिरगळणार नाही.

धागाकर्त्याचे उत्तर

दोरीचा मुद्दा ध्यानात आला नव्हता. आजच आखूड करतो. छातीच्या पट्ट्यासाठी एकच शंका आहे. घरातल्या दुसऱ्या कॅमेऱ्याला कान नाहीत, खाली ट्रायपॉडचे भोक आहे. त्याला लोहाओळीत मिळणारा साधा पाव इंची बोल्ट चालेल का?

प्रतिसाद

चालेल. ट्रायपॉडचा स्क्रू पाव इंची असतो आणि त्याचे आटे इंचाला २० असतात आणि आपल्याकडे जुन्या पद्धतीचा जो पाव इंची बोल्ट मिळतो, त्याचेही आटे इंचाला २० च असतात. आट्यांच्या कोनात ६० आणि ५५ अंशांचा फरक आहे, पण एवढ्या हलक्या कॅमेऱ्यासाठी तो आड येत नाही. हाताने सहज फिरला पाहिजे. पान्याने जोर लावायची वेळ आली तर दुसरा बोल्ट घ्या, ६ मिलीमीटरचा मेट्रिक बोल्ट त्यात चुकून मिसळलेला असू शकतो. आणि लांबी नीट मोजा: बोल्ट कॅमेऱ्याच्या आत साडेचार मिलीमीटरहून जास्त जाऊ देऊ नका, नाहीतर तो भोकाच्या तळाला टेकून आतली बैठक फोडेल. जास्तीची लांबी करवतीने कापण्यापूर्वी बोल्टवर एक नट चढवून ठेवा. कापल्यावर तो नट फिरवून काढला की टोकाचे आटे आपोआप साफ होतात.