नागपुरात बाहेर खाल्लेलं आणि सोबतची माणसं : तुमचे अनुभव सांगा

दांड्यावरचा_पोट्टा
काल पोरीला शाळेचे बूट घ्यायला एम्प्रेस मॉलमध्ये नेलं होतं. ती म्हणे बाबा याचं नाव एम्प्रेस काऊन आहे? मग तिथंच सरकत्या जिन्याच्या बाजूला उभं राहून सांगितलं, की इथं मिल होती, टाटांनी 1877 मध्ये सुरू केलेली, अन् तुझे आजोबा इथं सूतखात्यात होते. तिनं लगेच दुसरा प्रश्न टाकला, मग आजोबा जेवायचे कुठं? बस, तिथून जे सुरू झालं डोक्यात ते रात्रीपर्यंत थांबलं नाही.

रात्रपाळी सुटली की बाबा अन् त्यांचे खात्यातले दोस्त सरळ घरी नाही यायचे, आधी पोह्याचा ठेला. सुटीच्या दिवशी मलाही न्यायचे सायकलच्या दांड्यावर. खाली उकळत्या पाण्याचा गंज (मोठं पातेलं), वर पोह्याची परात झाकून ठेवलेली, बाजूला काळ्या चण्याचा रस्सा अन् त्यावर बोटभर लाल तर्री. माझ्या प्लेटमध्ये तर्री कमी अन् चणे जास्त टाकायला बाबा सांगायचे. ते सगळे कापसाचे कण केसात घेऊन उभे राहायचे, कोणी हलबा, कोणी तेली, कोणी महार, एक मुसलमान काका होते मोमिनपुऱ्याचे, एक छत्तीसगडकडचे. पैसे कोण देणार यावर रोज भांडण, प्रत्येकाला वाटे आज मीच देतो. पगार लांबला की ठेलेवाला वहीत लिहून ठेवायचा अन् कोणालाच टोकायचा नाही. मिल बंद पडल्यावर कोणी ऑटो घेतला, कोणी भाजी विकली, कोणी गावी गेलं, पण जे नागपुरात राहिले ते अजून भेटतात. बाबांचे दोस्त म्हणजे माझ्यासाठी ती पोह्याची गर्दीच आहे.

तुम्ही कोणासोबत कुठं खायचे? घरच्या जेवणाचं नाही, बाहेरचं सांगा. ठेला, टपरी, भोजनालय, काहीही.

बर्डीवाली
गुपचुप गुपचुप गुपचुप!! (म्हणजे पाणीपुरी) कॉलेज सुटलं की मी अन् माझी मैत्रीण, बर्डीच्या (सीताबर्डी) मेन रोडवर, घाम पुसत. तिला तिखट सहन नाही व्हायचं तरी ती "भैया और तीखा" म्हणायची, फक्त माझ्याबरोबरीनं खायचं म्हणून. आता ती कॅनडात. मागच्या दिवाळीत मी ठेल्यावरून तिला व्हिडिओ कॉल लावला, भैयानं तिला ओळखलं, म्हणे ये वो सूखी पुरी ज्यादा मांगने वाली ना. ती तिकडे रडायलाच लागली. अजून लिहायचं आहे पण कुकरची शिट्टी झाली, येते

रेशीमबागकर
दांड्यावरचा भाऊ, फार मस्त लिहिलं जी. आमचे मामा मॉडेल मिलमध्ये होते. मिलचा भोंगा झाला की आजी घड्याळ लावायची.

मागावरचा_नातू
सावजीचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आम्ही हलबा कोष्टी, आजोबा मागावर लुगडी विणायचे, गोळीबार चौकाकडे घर. लोकांना वाटते सावजी म्हणजे फक्त जाळ. तसं नाही बाप्पा. हे आमचं घरचं जेवण, दिवसभर मागावर बसणाऱ्या माणसाचं. आजी जवसाच्या तेलात करायची, खसखस, सुकं खोबरं, धणे, दगडफूल, काळी मिरी, सगळं वेगवेगळं भाजून पाट्यावर वाटायची, अन् वाटता वाटता दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायची नाही. मग माग बंद पडत गेले, यंत्रमाग आले, अन् समाजातल्या बऱ्याच घरांनी पुढच्या खोलीत टेबलं टाकून भोजनालय सुरू केलं. आमच्या आत्यानंही केलं. पुढं गिऱ्हाईक, मागं चूल, मधे पडदा.

मी शाळेतून आलो की तिथंच जेवायचो, गिऱ्हाइकांच्या टेबलावर. माझ्यासोबत जेवायला कधी वकील असायचे, कधी ट्रक ड्रायव्हर, कधी इतवारीतले हमाल. एक हमाल दादा मला खुराच्या रश्श्यात भाकर कशी कुस्करायची ते शिकवून गेले, आधी भाकर भिजू द्यायची, घाई नाही करायची, मग कांदा, मग लिंबू. आजही तसंच खातो. कोणी पहिल्यांदा सावजी खायला जात असेल तर सांगतो, तर्री वरून कमी करून मागा, देतात, त्यात कोणाचा अपमान होत नाही. अन् तिखट लागलं तर पाणी ढोसू नका, भाताचा घास घ्या.

सोनचाफा_धरमपेठ
@मागावरचा_नातू दादा पण बायकांनी जायचं कसं हो तिथं, हा माझा जुना प्रश्न. आमच्या तरुणपणी सावजी म्हणजे पुरुषांची जागा, अर्धे लोक पिऊन आलेले, बाईमाणूस दारात दिसली की सगळे वळून पाहणार. माझे मिस्टर पार्सल आणायचे अन् आम्ही घरी खायचो, पण रस्सा घरी येईपर्यंत निवलेला. मग आमच्या भिशीच्या बायकांनी ठरवलं, आपण जायचंच. गेलो. वेटर म्हणे फॅमिली साइडला बसा, तिथं पंखा बंद. आमच्यातली एक, शाळेत हेडमास्तरीण होती, ती म्हणाली आम्ही इथंच बसणार, पंख्याखाली. बसलो! मटण, कलेजी, अन् मी व्हेज म्हणून माझ्यासाठी पाटवडी रस्सा नि डाळकांदा. नाकातून पाणी, डोळ्यातून पाणी, नि हसून हसून पोट दुखलं. मालकीणबाई आतून बाहेर येऊन आमच्याजवळ बसल्या, म्हणाल्या रोज मी रांधते पण बायका जेवताना आज पाहिल्या. आता आमची भिशी तिथंच असते. मला हे सगळ्या बायकांना सांगायचंच होतं, जा, बसा, पंख्याखाली बसा.

मागावरचा_नातू
काकू 🙏 आत्याला हे वाचून दाखवतो.

बर्डीवाली
काकू तुमच्या भिशीत जागा आहे का 😄

सोनचाफा_धरमपेठ
ये ना ग. डब्यात चिवडा घेऊन ये.

पंचगंगा_ते_नागनदी
मी मूळचा कोल्हापूरचा, पोलिसात. पहिल्यांदा नागपूर बघितलं ते हिवाळी अधिवेशनाच्या बंदोबस्ताला. डिसेंबरची थंडी, आम्हाला मोर्चाच्या पॉइंटवर पहाटे पहाटे उभं केलेलं, हात गार पडलेले. सोबत एक नागपूरचे हवालदार होते, रिटायरमेंटला आलेले. ते म्हणाले चला साहेब पोहे खाऊ. मी म्हटलं पोहे काय खायचे, मिसळ बघा कुठं मिळते का. त्यांनी काहीच उत्तर दिलं नाही, फक्त प्लेट हातात दिली. पोह्यावर रस्सा बघून मला वाटलं ह्यांनी मिसळच दिली चुकून. मग एक घास खाल्ला आणि गप्पच बसलो. त्या थंडीत त्या तर्रीनं कानापर्यंत ऊब आली. कोल्हापूरचा माणूस आहे, तिखटाचं कौतुक सहसा करत नाही, पण हे कौतुक मनापासून. पुढं बदली इकडंच मागून घेतली (कारण बायको वर्ध्याची मिळाली, पण पोहे पण आहेतच). त्या हवालदारांच्या नातवाच्या बारशाला मी गेलो होतो.

पुण्यातला_विदर्भी
मोर्चेवाले पण त्याच ठेल्यावर खातात अन् बंदोबस्तवाले पण, हे मी स्वतः पाहिलं आहे. शिक्षकांचा मोर्चा होता, माझा काका त्यात. घोषणा देऊन घसा बसला अन् पोलिसानंच त्याला चहा पाजला.

बरं मला कोणी तर्रीची रीत सांगा ना. इथं पुण्यात करून पाहिली, रंग येते पण ती चव नाही येत. प्लीज.

रेशीमबागकर
कांद्याचं वाटण भाजतो का तळतो?

पुण्यातला_विदर्भी
भाजतो

ताई_मानेवाडा
मेडिकलच्या (सरकारी दवाखान्याच्या) समोरचे ठेले. ज्यांचं माणूस ॲडमिट झालं त्यांना माहीत आहे. बाबांना घेऊन होतो, मी अन् भाऊ आळीपाळीनं जागायचो. रात्री झोप येऊ नये म्हणून बाहेर चहा अन् आलूबोंडा. बाबांच्या बाजूच्या खाटेवर भंडाऱ्याकडचे एक आजोबा होते, त्यांची सून एकटीच होती सोबत, कोणी पुरुष माणूस नाही, नागपूर पहिल्यांदाच पाहिलेलं. रात्री बाहेर जायला ती घाबरायची. मग मी तिला घेऊन जायची. ती आलूबोंडा अर्धा खायची अन् अर्धा कागदात बांधून सासऱ्यासाठी ठेवायची, मी म्हटलं अगं खा पूर्ण, त्यांच्यासाठी दुसरा घेऊ. ठेलेवाल्या मावशीनं ऐकलं अन् एक जास्तीचा बांधून दिला, पैसे घेतले नाही. दोघं पेशंट बरे होऊन घरी गेले. आता दरवर्षी तिच्याकडून आमच्याकडे तांदूळ येतो भंडाऱ्याचा, चिन्नोर. मी इकडून संत्री पाठवते.

सोनचाफा_धरमपेठ
चिन्नोर! काय वास असतो त्या भाताला. ताई तुम्ही फार चांगलं केलं.

जामठा_स्टँड
नोव्हेंबर 2008, गांगुलीची शेवटची टेस्ट, जामठ्याच्या नव्या स्टेडियममधली पहिली. शहरापासून इतक्या लांब की येताना गाडीच मिळेना, वर्धा रोडनं पायी निघालो सगळे दोस्त. एका ढाब्यावर दालफ्राय अन् तंदुरी रोटी, शेजारच्या टेबलवर बंगालहून आलेले काही लोक फक्त दादासाठी आलेले. त्यांच्याकडे संदेश होता मातीच्या कुल्हडात, आमच्याकडे संत्रा बर्फी. अदलाबदल झाली. दादा निवृत्त होणार म्हणून ते रडले अन् आपण मॅच जिंकणार म्हणून आम्ही नाचलो, दोन्ही एकाच टेबलवर. सविस्तर नंतर लिहितो मीटिंग आहे

निळं_पाखरू
माझी आठवण हॉटेलची नाही, पण लिहिते. लहानपणी अशोक विजयादशमीला आजीसोबत दीक्षाभूमीवर. आजी 14 ऑक्टोबर 1956 ला तिथं होती, तरुण होती, कडेवर माझी मोठी आत्या. त्या दिवशी बाहेरगावाहून पायी आलेले लोक गाठोड्यातल्या भाकरी एकमेकांना देऊन खात होते असं ती सांगायची. आता रस्त्यावर जागोजागी भोजनदानाचे स्टॉल लागतात, पुरी भाजी, मसालेभात, खिचडी, बुंदी, कुठं नुसतं पाणी. आजी घरून जेवून नाही निघायची. मी म्हणायची आजी आपल्याला घरी आहे ना खायला. ती म्हणे बाबासाहेबांच्या लेकरांच्या पंगतीत बसायला चाललो, भूक घेऊनच जायचं. मग आम्ही रस्त्याच्या कडेला बसायचो, बाजूला कोणी मराठवाड्याचं, कोणी तेलंगणातलं, कोणाची भाषा कळायची नाही पण वाढणारा सगळ्यांना सारखंच वाढायचा. ज्या बाईला तिच्या गावात विहिरीवर पाणी भरू दिलं नव्हतं, तिच्यासाठी ते जेवण काय होतं ते मला आता कळते. मी आता माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणींना घेऊन जाते, सगळ्या जातीच्या. त्या पण भूक घेऊनच येतात.

दांड्यावरचा_पोट्टा
ताई, हे वाचून बाबांना ऐकवलं. ते म्हणाले त्यांच्या खात्यातले दोघं जण त्या दिवशी मैदानावर होते. जय भीम.

निळं_पाखरू
जय भीम दादा. बाबांना नमस्कार सांगा.

तिसरा_माळा
आमची सप्टेंबर 2023. अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला अन् मध्यरात्री खालच्या माळ्यावर पाणी शिरलं. सकाळी कोणाचं फ्रिज तरंगत होतं, कोणाचं गॅस सिलेंडर. आमच्या बिल्डिंगमध्ये लोक एकमेकांना लिफ्टमध्ये पण हॅलो नाही म्हणायचे, खरं सांगतो. पाणी उतरलं तसा कोपऱ्यावरचा सामोसेवाला, ज्याचा ठेलाच उलटला होता, त्यानं घरून कढई आणून आमच्याच पार्किंगमध्ये सामोसे तळले. चिखलात उभं राहून सगळ्यांनी खाल्ले. वरच्या माळ्यावरच्यांनी खालच्यांचे कपडे धुतले. नंतर आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला नवा ठेला घेऊन दिला. आता संध्याकाळी तिथं अख्खी बिल्डिंग असते.

ठेल्याचा_मित्र
पार्किंग कुठं करायचं ते पण सांगत चला रे, बर्डीला गाडी उचलते

बर्डीवाली
मेट्रोनं ये ना भाऊ, इंटरचेंजला उतर, पायी पाच मिनिटं.

कढीवाली
पोह्यावर शेव का चिवडा? आमच्या घरी यावरून नवरा बायकोत बोलणं बंद होते 😂

रेशीमबागकर
शेव. बारीक. अन् कच्चा कांदा, सांबार (कोथिंबीर), लिंबू. चिवडा नरम पडते.

मागावरचा_नातू
@पुण्यातला_विदर्भी घे. काळे चणे रात्रभर भिजव, मीठ टाकून शिजव, ते पाणी फेकू नको. कांदा उभा चिरून तेलात काळसर होईपर्यंत तळ, भाजू नको, तुझं तिथंच अडते. सुकं खोबरं, धणे, खसखस, दोन लवंगा, दालचिनीचा तुकडा अन् दगडफूल वेगळं परतून कांद्यासोबत वाट. तेल सढळ घे. आलं लसूण परतून झालं की गॅस कमी करून मग तिखट टाक, जोरात गॅसवर तिखट जळते अन् रंग जातो. वाटण टाकून तेल सुटेपर्यंत परत, चण्याचं पाणी गरमच ओत, गार नाही. मंद उकळी. तर्री आपोआप वर येते.

पुण्यातला_विदर्भी
दगडफूलच नव्हतं भाऊ माझ्याकडे!! इथल्या दुकानात जुनं, वास गेलेलं मिळते.

मागावरचा_नातू
मस्कासाथला किराणा ओळीत ताजं मिळते. कोणी नागपूरहून येत असेल तर त्याच्या हाती पाठवतो, 50 ग्रॅम पुरे, वर्षभर जाईल. डब्यात घट्ट बंद ठेव.

ताई_मानेवाडा
माझा भाचा शनिवारी पुण्याला चालला रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं. त्याच्याकडे द्या, मी नंबर मेसेज करते.